चेडू भायर होता

परवा फोनवर तुम्ही दोघांनी एकदमच विचारलंत, "आजी, तू कुडाळच्या बाजारात कुणाशी भांडलीस?" तुमच्यापर्यंत जो व्हिडिओ पोचला तो नुसता शेवटचा तुकडा होता. तो पाहून तुमच्या आईला माझ्या रक्तदाबाची काळजी वाटली आणि तुम्हाला हसू आलं. तुमचा गैरसमज आधी दूर करते. मी भांडले नाही. मी सूड घेतला. भांडण काय, राग आला की होऊन जातं. सुडाला शांत डोकं लागतं, इस्त्रीची साडी लागते आणि एसटीची वेळ माहीत असावी लागते.

आता पहिल्यापासून सांगते.

मी रोज दोन वर्तमानपत्रं वाचते हे तुम्हाला माहीत आहे. इंग्रजी पत्र आमच्याकडे दुपारी येतं, म्हणून सकाळच्या चहाबरोबर आजचं मराठी आणि कालचं इंग्रजी असं वाचावं लागतं. एका दिवसाच्या अंतराने तीच बातमी किती बदलते, हे त्यामुळे चांगलं कळतं. खेळाचं पान मी शेवटी वाचते, चवीसाठी. मुंबईत बोटींच्या कंपनीत नोकरीला होते तेव्हा कसोटी सामन्याच्या दिवसांत आमचे साहेब आपल्या खोलीचं दार उघडं ठेवायचे, म्हणजे आतल्या रेडिओवरचं इंग्रजी समालोचन आम्हा टंकलेखक बायकांनाही ऐकू यायचं. मी क्रिकेट तिथे शिकले, आणि सगळं कानांनी शिकले.

हल्ली त्या पानावर खेळ कमी आणि वाद जास्त असतात. कुणी कुणाशी हात मिळवला नाही, कुठल्या कर्णधाराने पत्रकाराला काय सुनावलं, बाद दिल्यावर कुणी बॅट आपटली. रात्रीच्या जेवणाच्या वेळी टीव्हीवर चार माणसं टाय लावून बसतात आणि खिलाडूवृत्ती कशी संपली यावर एकमेकांच्या अंगावर ओरडतात. माझं मत विचाराल, तर खिलाडूवृत्ती हा शब्द हरलेल्यांनी जिंकलेल्यांना ऐकवण्यासाठीच राखून ठेवलेला आहे. आणि मुलींना तर तो त्या खेळायला लागायच्या आधीपासून ऐकवतात. मुलग्याने चलाखी केली की तो हुशार, मुलीने नियमाने काही मिळवलं की ती कपटी. हे मत माझं फार जुनं आहे. ते चारचौघांत मांडायची वेळ मात्र या वर्षी आली.

तुम्ही तिकडे बर्फावरची हॉकी बघता, म्हणून नियम थोडक्यात सांगते. क्रिकेटमध्ये दोन फलंदाज असतात. एक चेंडू खेळतो आणि दुसरा गोलंदाजाच्या बाजूला उभा असतो. त्या दुसऱ्याने गोलंदाजाच्या हातून चेंडू सुटेपर्यंत पांढऱ्या रेषेच्या आत राहायचं असतं. तो आधीच बाहेर पडून धावायला लागला, तर गोलंदाजाने चेंडू टाकण्याऐवजी त्याच्या मागचे स्टंप उडवले की तो बाद. नियमांच्या पुस्तकात हे पूर्वी अयोग्य वर्तनाच्या प्रकरणात होतं. काही वर्षांपूर्वी ते तिथून उचलून साध्या धावबादच्या प्रकरणात टाकलं. म्हणजे पुस्तक लिहिणाऱ्यांनीच सांगितलं की यात लाज वाटण्यासारखं काही नाही. तरीही जगात कुठेही असं झालं की आठवडाभर गहजब होतो.

तो गहजब या खेपेला आपल्या घरात शिरला.

माझ्या धाकट्या दिरांची नात तुम्हाला आठवत असेल. मागे तुम्ही आलात तेव्हा सुरूच्या बनात तिने तुम्हा दोघांना गोलंदाजी करून रडकुंडीला आणलं होतं. ती आता अठरा वर्षांची आहे. जिल्ह्याच्या एकोणीस वर्षांखालच्या संघात खेळायचं हे तिचं शेवटचं वर्ष, आणि निवड व्हायची होती ती तालुक्यांच्या सामन्यांवरून. शेवटचा सामना कुडाळला होता. मी आणि माझी धाकटी जाऊ, म्हणजे त्या मुलीची सख्खी आजी, मांडवात प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसलो होतो. समोरचा संघ बांद्याकडचा.

शेवटचं षटक आपल्या मुलीच्या हातात आलं. त्यांना थोड्याच धावा हव्या होत्या आणि एकच गडी उरला होता. तिच्या बाजूला उभी असलेली फलंदाज प्रत्येक चेंडूला आधीच निघत होती, चांगली दोन पावलं. आपली मुलगी तिला म्हणालीही, "भितुर रव गो," म्हणजे आत राहा. ती हसली. पुढच्या चेंडूला पुन्हा निघाली. मग आपली मुलगी धावत आली, हात वर जायच्या आधीच थांबली, आणि वळून तिने स्टंप उडवले. अंपायरने बोट वर केलं. सामना संपला.

आमच्या मांडवात टाळ्या झाल्या, समोरच्या मांडवात बोंब झाली. माझी जाऊ खुर्चीवर उभी राहून ओरडली, "शाब्बास गो चेडवा!" मी तिला खाली ओढलं, कारण खुर्ची हलकी आणि ती जड.

आता लक्ष देऊन वाचा, कारण सगळं पुढच्या एका वाक्यावर आहे.

कुडाळात एक तरुण फोनवर बातम्यांचं चॅनल चालवतो. वय तिशीच्या आतबाहेर, अंगात बंद गळ्याचं जाकीट, हातात रंगीत माईक. सामना संपल्या संपल्या तो मैदानात घुसला आणि मुलीच्या तोंडापुढे माईक धरून म्हणाला, "आपल्या या कृतीबद्दल प्रेक्षकांना काय सांगाल?" तिला धाप लागली होती. ती घरी बोलते तशी बोलली, "चेडू भायर होता. म्हणान उडवलंय स्टंप."

चेडू म्हणजे मुलगी, हे तुम्हाला ठाऊक आहे. तुमच्या आईला मी अजून चेडू म्हणते. पोरगी रेषेच्या बाहेर होती म्हणून मी स्टंप उडवले, इतकंच ती म्हणाली.

संध्याकाळी त्याचा व्हिडिओ आला. खाली मोठ्या लाल अक्षरांत लिहिलं होतं : "'चेंडू बाहेर होता, तरी स्टंप उडवले!' खेळाडूची धक्कादायक कबुली."

चेडूचा चेंडू झाला. एका टिंबाने. शिवाय "म्हणान" म्हणजे "म्हणून", त्याचं त्याने "तरी" केलं. चेंडू खेळाच्या बाहेर असताना कुणाला बाद करणं म्हणजे उघड फसवणूक, आणि ती या मुलीने स्वतःच्या तोंडाने कबूल केली, असं आता सगळ्या जिल्ह्याने वाचलं. वाचलं म्हणते, कारण ऐकलं कुणीच नाही. लोक फोनवरचे व्हिडिओ आवाज बंद करून बघतात. आणि जे आवाज लावून ऐकत होते त्यांनाही खाली जे लिहिलं होतं तेच ऐकू आलं.

दोन दिवसांत तो मुंबईपर्यंत पोचला. खाली लोकांनी जे लिहिलं ते मी इथे लिहिणार नाही, तुमची मराठी त्या बाजूने सुधारायला नको. निवड समितीतल्या एकाने मुलीच्या वडिलांना फोन करून सांगितलं की प्रकरण शांत होईपर्यंत तिने सरावाला येऊ नये, आणि तिचं नाव तूर्त बाजूला ठेवलेलं आहे. तूर्त म्हणजे किती, हे त्याने सांगितलं नाही. निवड पंधरवड्यावर आली होती.

मुलगी घरात बसली. रडली असती तर बरं झालं असतं. ती नारळ सोलायला बसली. मागच्या पडवीत नारळांचा ढीग होता, तो तिने सगळा सोलून टाकला. माझी जाऊ म्हणाली, "बाय, ह्या असाच चल्ला तर माड उपटीत आता."

मी त्या तरुणाचा नंबर मिळवला आणि फोन केला. माझा बेत साधा होता. चूक दाखवायची, त्याने ती सुधारायची, विषय मिटवायचा. मी त्याला चेडू आणि चेंडू हा फरक सांगितला. त्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मॅडम, आम्ही प्रमाण मराठीत काम करतो. आता चेडू कोण म्हणतं? गावंढळ शब्द आहे तो. प्रेक्षकांना चेंडूच ऐकू येतंय."

"प्रेक्षकांना ऐकू येतंय की तू लिहिलंस म्हणून वाचता येतंय?"

"मॅडम, तुमचं वय बघता मी वाद घालत नाही. क्रिकेटमध्ये तांत्रिक बाबी असतात."

त्याने फोन ठेवला. मी चष्मा काढला, पुसला आणि परत लावला. हा मुलगा कुडाळजवळच्याच एका वाडीतला. याच्या घरात उठल्यापासून झोपेपर्यंत मालवणी चालते. याला चेडू ऐकू आलं नसेल, हे मी मान्य करणार नव्हते. एक वेळ मैदानातल्या गोंगाटात चुकलं म्हणू. पण मी समजावून सांगितल्यावर तो म्हणाला ते वाक्य गोंगाटातलं नव्हतं. ज्या शब्दाने याच्या आईने याच्या बहिणीला वाढवलं तो शब्द याला गावंढळ वाटला, आणि त्या लाजेपायी माझ्या घरातली मुलगी लबाड ठरली. त्या क्षणी माझा बेत बदलला. चूक सुधारणं मला पुरेसं वाटेना. त्याला खाली पाडायचं होतं, आणि चारचौघांत.

माझी जाऊ म्हणाली, "तू तेका इंग्लिशीत झाड."

"तेका इंग्लिश कळना नाय."

"मगे तर बराच झाला. घाबरात तरी."

पण मला त्याला घाबरवायचं नव्हतं. मी त्याचे जुने कार्यक्रम बघितले. तो आठवडे बाजाराच्या दिवशी कुडाळला बाजारात उभा राहून लोकांची मतं विचारतो, थेट प्रक्षेपण. महागाई, रस्ते, निवडणुका, क्रिकेट. चालू वादावर सामान्य माणसाला काय वाटतं, असा तो कार्यक्रम. थेट प्रक्षेपणात मधलं कापता येत नाही, हे मला आमच्या साहेबांच्या रेडिओपासून माहीत आहे. आणि त्या आठवड्याचा विषय त्याने आधीच जाहीर केला होता : "मैदानावर खिलाडूवृत्ती उरली आहे का?"

आम्ही दोघी सकाळच्या गाडीने कुडाळला गेलो. जावेला मी बजावलं होतं की मी खूण केल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. गाडीत ती भाषण पाठ करत होती. मी तिला खिडकीकडे बसवलं.

बाजारात त्याने कलिंगडांच्या ढिगाजवळ फोन स्टँडवर लावला होता. मी पिशवीत थोडी भाजी घेतली, पांढरे केस नीट केले आणि त्याच्या समोरून हळू चालत गेले. अशा कार्यक्रमांना म्हाताऱ्या बायका फार लागतात. त्याने लगेच अडवलं. माझा आवाज त्याने फोनवर एकदाच ऐकला होता, त्याला ओळख पटली नाही.

"आजी, तुम्ही ज्येष्ठ नागरिक आहात. आजच्या खेळाडूंमध्ये खिलाडूवृत्ती उरली आहे का? काय वाटतं तुम्हाला?"

"सांगतंय," मी म्हटलं. "पण आधी माका सांग, तू खंयचो रे?"

"मी? इथलाच. कुडाळचा."

"घराकडे काय बोलतास?"

"मराठी."

शेजारी सुकी मासळी घेऊन बसलेली बाई म्हणाली, "व्हय तर! आणि आमी काय जपानी बोलतंव?" लोक हसले, थोडे जवळ आले.

"बरा. तुका भैण आसा?"

"आहे."

"आवस तिका काय म्हणान साद घालता?"

आईची हाक विचारली तसा तो चमकला. चेहऱ्यावरून मला दिसलं की आवाज आता त्याच्या ओळखीचा झाला होता. त्याने माईक मागे घेतला. मी तो धरून ठेवला. मी खूण केली नव्हती, तरी मागून माझी जाऊ ओरडलीच, "सांग मा रे मेल्या! चेडू म्हणता काय चेंडू म्हणता? चेंडू म्हणत आसात तर बॅटिंग कोण करता घरात?"

"आजी, आपला विषय खिलाडूवृत्तीचा आहे," तो म्हणाला.

"तेच्यावरच येतंय. एक वाक्य सांग माका. चेंडू गटारात गेला. ह्या मालवणीत कसा म्हणशीत?"

त्याने इकडेतिकडे बघितलं. "चेंडू... गटारात गेला."

"गेलो!" कलिंगडवाला म्हणाला. "चेंडू गेलो रे बाबा! गेला काय म्हणतंस, तो काय चेडू आसा?"

हे मी त्याच्याकडून पढवून घेतलेलं नव्हतं. मला कुणालाच पढवायची गरज नव्हती, बाजार भरला होता. मी वळून लोकांना विचारलं, "आणि चेडू बाजारात?"

"गेला!"

"चेंडू भायर?"

"होतो!"

"चेडू भायर?"

"होता!"

शाळेतल्या पाढ्यांसारखं झालं. मग मी माझा फोन काढला, त्याचाच व्हिडिओ लावला आणि आवाज पूर्ण वाढवून त्याच्या माईकपाशी धरला. आपल्या मुलीचा धापा टाकणारा आवाज सगळ्या बाजारात ऐकू गेला. "चेडू भायर होता. म्हणान उडवलंय स्टंप."

"होता म्हणाला काय होतो म्हणाला?"

"होता!"

"मगे भायर कोण होता?"

"चेडू!" मासळीवालीने तर दोन्ही हात वर केले.

इथे तुम्हाला समजावते, कारण तुमची मराठी पुस्तकातली आहे. पुस्तकातल्या मराठीत चेंडू बाहेर होता असंच म्हणतात. म्हणून बाहेरच्या माणसाला फसायला होतं. पण मालवणीत चेंडू पुरुष, तो "होतो". चेडू नपुंसकलिंगी, ता "होता". त्या मुलीला चेंडूच म्हणायचा असता तर तिच्या तोंडून "होतो" आलं असतं. झोपेतसुद्धा "होता" आलं नसतं. अनुस्वाराचं एक वेळ सोडून देऊ, माईकवर वारा होता. पण क्रियापद साक्षीला उभं होतं, आणि हे न कळणारा माणूस या जिल्ह्यात जन्मलेला असू शकत नाही.

मग मी कॅमेऱ्याकडे तोंड केलं आणि कचेरीतली मराठी काढली. निवड समितीचे सभासद हा कार्यक्रम बघत असतील अशी मला आशा आहे, असं म्हटलं. नियम सांगितला, तो कोणत्या प्रकरणातून कोणत्या प्रकरणात गेला तेही सांगितलं. अंपायरने बाद दिलेलं असताना आणि मुलगी खरं बोललेली असताना तिला घरी कशासाठी बसवलं आहे, ते त्यांनी जाहीर सांगावं, असं म्हटलं.

तो म्हणाला, "आजी, ऐकण्यात चूक झाली असेल. आम्ही दुरुस्ती करू."

इथे मी थांबले असते तर चाललं असतं. काम झालं होतं. पण मी काम करायला आले नव्हते.

"ऐकण्यात चूक सामन्याच्या दिवशी झाली," मी म्हटलं. "मी तुका फोन करून सगळा सांगितलंय. तेव्हा चेडू ह्या शब्दाबद्दल तू काय म्हणालंस ता ह्या लोकांका सांग."

त्याने स्टँडकडे हात नेला.

"मगे मीच सांगतंय. तो म्हणालो, चेडू ह्यो गावंढळ शब्द आसा."

मासळीवालीने हातातली सुकटीची पुडी खाली ठेवली आणि त्याच्याकडे नुसतं बघत राहिली. तिच्या शेजारी तिची मुलगी बसली होती.

तेवढ्यात स्टँडवरचा त्याचा फोन वाजला. पडद्यावर मोठ्या अक्षरांत "आई" आलं आणि प्रक्षेपण तिथेच अडकलं. ती घरी बसून बघत होती. "उचल रे, उचल!" लोक ओरडले. त्याने उचलला नाही. स्टँड काखेत मारून तो निघाला, आणि कलिंगडांच्या ढिगामागून कुणीतरी आवाज दिला, "ए चेंडू!"

तुमच्याकडे पोचला तो तुकडा इथून पुढचा, दुसऱ्या कुणीतरी आपल्या फोनवर घेतलेला. त्यात माझ्या हातात दोडकी आहेत आणि मी हसते आहे. हो, हसत होते. घरी येताना गाडीत जाऊ म्हणाली, "बाय, तू हलकट आसंस." तिने आजवर केलेली ती माझी सगळ्यात मोठी स्तुती.

नंतर समितीतल्या त्याच माणसाचा फोन आला, या वेळी घरच्या फोनवर. जावेने उचलला. तो म्हणाला, तिला द्या. जाऊ म्हणाली, "चेडू भायर गेला हा. का रे, चेंडू होयो काय तुका?" मुलीला सरावाला बोलावलं. माफी कुणी मागितली नाही. काही तांत्रिक कारणाने नाव मागे राहिलं होतं, असं म्हणाले. ही समितीची माणसं मी विसरलेले नाही. त्यांचा विचार सावकाश करते आहे.

मुलगी जिल्ह्याच्या संघात आली. पहिला सामना बघायला मी गेले होते. ती गोलंदाजीला आली की तिच्या बाजूची फलंदाज बॅट रेषेच्या आत रोवून अशी उभी राहायची, जणू मागून कुणी दोरीने बांधलं आहे. चेंडू सुटल्यावरही क्षणभर हलायची नाही. त्यामुळे त्यांच्या कितीतरी एकेरी धावा बुडाल्या. वर्तमानपत्रात त्याबद्दल एक ओळही आली नाही. खेळाची खरी बातमी ती होती.

आणि मागच्या रविवारी तो स्वतः आपल्या घरी आला. जाकीट नव्हतं. हातात मालवणी खाज्याची पुडी. मी बसायला सांगितलं, पाणी दिलं.

"आजी, लोक माका चेंडू म्हणतत," तो म्हणाला. पहिल्यांदाच त्याच्या तोंडून मी मालवणी ऐकली, चांगली स्वच्छ बोलतो. "लहान पोरां पण म्हणतत. वेंगुर्ल्यासून सोयरीक इली होती. तेंनी विचारल्यानी, चेंडू म्हणतत तो ह्योच काय? आणि परत फोनच करूक नाय. आवस माझ्याशी बोलना नाय."

"मगे मी काय करू?"

"तुम्ही एक व्हिडिओ करा. झाला गेला विसरा म्हणान सांगा लोकांका. तुमचा आयकतीत."

"तुझा तो जुना व्हिडिओ काढलास?"

"त्याच दिवशी काढलंय. माफी पण मागितलंय, चॅनलवर."

ते खरं होतं. माफी मी बघितली होती. ती बघणारी माणसं आमच्या वाडीत मावली असती.

"सगळीकडून काढलास?"

"लोकांच्या फोनातून मी कसो काढू, आजी?"

"मगे लोकांच्या तोंडातून मी कशी काढू?"

तेवढ्यात मुलगी सरावाहून आली, खांद्यावर बॅटची पिशवी. त्याला बघून दारातच थांबली. तो उठून उभा राहिला आणि म्हणाला, "चुकलंय गो मी." ती "व्हय" म्हणाली आणि हातपाय धुवायला मागच्या दाराने विहिरीवर गेली.

तो गेल्यावर तिने खाज्याची पुडी फोडली आणि खात खात म्हणाली, "आजी, सोड मा तेका आता. माझा काय म्हणणा नाय."

मी तिला सांगितलं की तुझ्या वाटणीचं तू सोडलंस, ते तुझं होतं. माझ्या वाटणीचं मी सोडत नाही. ती मुलगी त्या दिवसांत शेजारच्या दुकानातसुद्धा जात नव्हती. तो जुना व्हिडिओ अजून कुणाच्या तरी फोनवर आहे, आणि उद्या तिची सोयरीक बघायला येणाऱ्या माणसालाही तो कुणीतरी दाखवणार आहे. तो फिरतो आहे तोवर याचं चेंडू हे नावही चालू द्या. याने मागितलेला व्हिडिओ मी करणार नाही.

तुमची आई हे वाचून म्हणेल की या वयात माणसाने मन मोठं करावं. माझं मन चांगलं मोठं आहे. त्यात हेही मावतं.